शिरोळ रोड

बेळगावहून मिरजेच्या गाडीत बसलं की घटप्रभेच्या अलीकडे गोकाक रोड लागतं आणि पलीकडे चिकोडी रोड. नवीन सून पहिल्यांदा एकटी निघाली की घरातलं मोठं माणूस बजावतं, "चिकोडी रोडला उतरलीस म्हणजे चिकोडीला पोचलीस असं समजू नको." ज्या स्टेशनच्या नावाला 'रोड' चिकटलेलं असतं ते स्टेशन त्या गावाचं नसतं, त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचं असतं. आपली जुनी गावं पाण्याकाठी, नदीच्या वळणात, बस्ती आणि देवळं धरून बसलेली. रेल्वेला हवी सपाट कोरडी जमीन, पूल कमी, वळणं कमी. मग गाव एकीकडे, स्टेशन एकीकडे आणि मधे बैलगाडीची वाट.

कृष्णेच्या खोऱ्यात असे आणखी दोन 'रोड' होते, कुंडल रोड आणि शिरोळ रोड. ही नावं आज फलाटावरच्या पाटीवर सापडणार नाहीत. कुंडल रोडचं किर्लोस्करवाडी झालं, शिरोळ रोडचं जयसिंगपूर. चिकोडी रोड आणि गोकाक रोड आहेत तिथेच राहिले. रूळ चौघांच्याही वाट्याला आले होते. दोघांची गावं झाली आणि दोघं रस्त्यावरच राहिले. म्हणजे नुसत्या रुळांनी गाव होत नाही. कुणीतरी तिथे येऊन काहीतरी मांडावं लागतं.

किर्लोस्करवाडीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि १९१० साली निवडुंग तोडून त्यांनी तिथे नांगराचा कारखाना उभा केला. जयसिंगपूरची गोष्ट मात्र आपल्याच लोकांत कमी सांगितली जाते. खरं तर ती आपली जास्त आहे. शिरोळ आणि हातकणंगले या तालुक्यांत शेती करणारा जैन समाज जितका दाट आहे तितका महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. जयसिंगपूर हे त्याच्या बाजाराचं शहर. आमच्याकडच्या कितीतरी लेकी त्या गल्ल्यांमध्ये दिल्या आहेत आणि तिकडच्या कितीतरी सीमेच्या अलीकडे आल्या आहेत.

आधी रुळांचं सांगते. ते दुष्काळातून आले. १८७६ ते १८७८ या तीन वर्षांत दख्खनेत आणि कर्नाटकात माणसं किडामुंगीसारखी मेली. सोलापूर, बेळगाव, कलादगी, धारवाड, सगळा पट्टा होरपळला. एका मुलखात धान्य होतं आणि दुसऱ्यात नव्हतं. इकडचं तिकडे न्यायला बैलगाडी, आणि दुष्काळात बैलच आधी मरतो. मग सरकारने दुष्काळाची चौकशी करायला कमिशन नेमलं आणि जिथे धान्य पोचत नाही तिथे रेल्वे न्यावी असं त्या कमिशनने सुचवलं. त्यातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. पुढे ती मद्रासच्या कंपनीत मिसळली आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'एम एस एम' झाली. म्हणजे ज्या रेल्वेने पुढे आपला गूळ, शेंगा आणि तंबाखू बाहेर नेला, ती मुळात आपल्याकडे धान्य आणायला म्हणून बांधली होती. आणण्यापेक्षा नेण्याचंच काम तिने जास्त केलं, हे मला नेहमी थोडं खटकतं. पण दुष्काळ आठवला की तक्रार करवत नाही.

ही मोठी लाइन मिरजेवरून गेली. कोल्हापूर बाजूला राहिलं. तेव्हा दरबाराने स्वतःच्या पैशाने मिरज ते कोल्हापूर असा २९ मैलांचा फाटा बांधायचं ठरवलं. १८८८ मध्ये त्याची पहिली कुदळ मारली ती शाहू महाराजांनी. तेव्हा ते महाराज कसले, चौदावं वर्ष चालू असलेलं पोर. दत्तक येऊन चार वर्षं झाली होती. राज्याचा कारभार पाहणारे त्यांचे जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे उर्फ आबासाहेब, दोन वर्षांपूर्वी वारले होते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मीटर गेज, म्हणजे हल्लीच्या मानाने अरुंद रूळ. वळिवडे, रुकडी, हातकणंगले करत गाडी मिरजेकडे यायची आणि कृष्णेचा पूल ओलांडायच्या आधी माळावर एक स्टेशन लागायचं, शिरोळ रोड. शिरोळ तिथून दक्षिणेला, नद्यांच्या पोटात.

नद्यांच्या पोटात हे मी सहज म्हणत नाही. शिरोळ तालुक्याचा नकाशा पाहिलात तर निळ्या रेघांनी तो सगळा चिरलेला दिसतो. कृष्णा वरून येते, पंचगंगा नृसिंहवाडीला तिला मिळते, खाली दूधगंगा येते. काठची जमीन मळीची, काळी, खत न घालता पीक देणारी. गावं सगळी काठावर. शिरोळ, अर्जुनवाड, घालवाड, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर. स्टेशनचा माळ मात्र नदीपासून हटून, उंचवट्यावर. त्याच्याकडे कोण बघणार? शाळू आला तर आला.

गाडी सुरू झाल्यावरही वीस-पंचवीस वर्षं तिथे स्टेशनच होतं, शहर नव्हतं. आजूबाजूच्या शेतकऱ्याचा माल विकायला जवळची पेठ म्हणजे सांगली नाहीतर मिरज, आणि ही दोन्ही पटवर्धनांची संस्थानं. पिकवायचं कोल्हापूरच्या हद्दीत आणि विकायचं दुसऱ्याच्या पेठेत. माझ्या मते शाहू महाराजांच्या डोक्यात हाच हिशेब असणार. त्यांनी कोल्हापुरात १८९५ मध्ये गुळासाठी शाहूपुरीची पेठ वसवली होती, स्टेशनजवळच. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या, आणि कोल्हापुरी गुळाचं नाव झालं. तोच धडा त्यांनी संस्थानाच्या पूर्व टोकाला गिरवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिरोळ रोडच्या माळावर नवीन पेठ आखली गेली आणि तिला वडिलांचं नाव दिलं, जयसिंगपूर.

या पेठेची आखणी पाहण्यासारखी आहे. आपली गावं कशी असतात? वाट वळत जाते, मधे कुणाचा तरी वाडा येतो, पुढे पार. आळीला नाव जातीचं नाहीतर धंद्याचं, आणि त्या नावावरून माणसाची पायरी कळते. जयसिंगपुरात गल्ल्या सरळ, एकीला एक समांतर, काटकोनात कापलेल्या, आणि त्यांना नावंच नाहीत. नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पाचवी गल्ली, बारावी गल्ली. पत्र यायचं तेही 'अमुक गल्ली, जयसिंगपूर' एवढ्यावर. आजही मुलगी दिली की बायका विचारतात, "कितव्या गल्लीत दिली?"

हे वाचून मला अमेरिकेतली नेब्रास्काची सपाट राने आठवली. तिथे बर्लिंग्टन नावाच्या रेल्वे कंपनीने रूळ टाकत जाताना ठरावीक अंतरावर स्टेशन करून गावं आखली आणि नावंही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लागत गेली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड. एखाद्या शिंप्याने कापडावर खडूने खुणा कराव्यात तसं. फरक एवढा की तिथे कंपनीला सरकारकडून जमीन मिळालेली होती आणि ती विकून तिला पैसे करायचे होते. आपल्याकडे आखणारा राजा होता आणि त्याला आपल्या रयतेच्या मालाला पेठ हवी होती. माळ तोच, रूळ तेच. हेतू वेगळा.

नंबराच्या गल्लीचं कौतुक सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. गल्लीला नंबर दिला म्हणून डोक्यातली आळी लगेच पुसली जात नाही. जयसिंगपूर वसलं त्याच्या थोडं आधीचं, १९०८ चं कोल्हापूर बघा. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी जाऊन आला. परत आल्यावर आंघोळ करून मग आत ये असं त्याला सांगितलं, त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर काढलं. तो विद्यार्थी कुंभोजचा भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. काढणारे सुपरिंटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे, आपल्या समाजातले त्या काळचे सर्वांत शिकलेले, सुधारक माणूस. पुढे त्यांनीच शाहू महाराजांचं चरित्र लिहिलं. दोघंही आपलेच आणि दोघांचाही आपल्याला अभिमान. पण अभिमानाने सांगताना आपण ही हकिकत बऱ्याचदा गाळतो.

आता पेठेत आलं कोण, ते पाहू. बाहेरच्या माणसाला जैन म्हटलं की दुकान दिसतं. गादी, तिजोरी, चोपडी. आमच्याकडे जैन म्हणजे नांगर. चतुर्थ, पंचम हे दिगंबर जैन पिढ्यान् पिढ्या शेतकरी. पायात माती, खांद्यावर घोंगडं, आणि तरी पाणी गाळून पिणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे. पाटीलकीही त्यांच्याकडे, घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. पेठ वसल्यावर दुसरे जैन आले, मारवाडी आणि गुजराती, रेल्वेने आलेले, व्यापार जाणणारे. तराजूच्या एका बाजूला माल घेऊन आलेला जैन आणि दुसऱ्या बाजूला तो तोलणारा जैन. तीर्थंकर तेच चोवीस, पण एकमेकांच्या घरात सोयरीक नाही. एकाची बस्ती, दुसऱ्याचं देरासर.

गल्लीतल्या बायकांनी मात्र हे अंतर आपल्या पद्धतीने कमी केलं असावं असं मला वाटतं. श्वेतांबरांचं पर्युषण भाद्रपदात संवत्सरीला संपतं आणि जवळपास तिथूनच दिगंबरांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. म्हणजे या गल्लीतल्या उपवासाचं पारणं आणि पुढच्या गल्लीतला पहिला उपवास लागून. पारण्याचं ताट भिंतीवरून पलीकडे जायचं आणि पलीकडची बाई म्हणायची, "ठेवून दे बाई, माझा आजपासूनच आहे." इतिहासाच्या पुस्तकात हे येत नाही. पेठेच्या इतिहासात किती पोती आली आणि किती गेली एवढंच येतं.

पोत्यांचंही सांगायला हवं, कारण शहर त्यावर उभं राहिलं. गूळ, शेंगा, मिरची आणि तंबाखू. शेतकरी रात्री गाडी जुंपायचा, पहाटे पेठेत. अडत्याच्या दारात माल उतरायचा. सौदा रुमालाखाली व्हायचा. दोन माणसं रुमालाआड हात घालून बोटं दाबायची आणि ज्याचा माल तो शेजारी बसून त्यांची तोंडं बघायचा. मग हातात पट्टी यायची. त्यावर वजन, भाव आणि खाली वजावटी. अडत, हमाली, तोलाई. शेवटी राहिलेला आकडा. वर्षभर उचल घेतलेली असेल तर तीही त्यातूनच. पेठ जवळ आली म्हणून शेतकऱ्याची पायपीट वाचली हे खरं. भाव ठरवणारा हात मात्र रुमालाखालीच राहिला. पुढे बाजार समित्या आल्या, उघडे सौदे झाले, काटे तपासले जाऊ लागले, तेव्हा कुठे तो हात उजेडात आला.

आणि तंबाखू! हिच्याबद्दल आपण फार बोलत नाही. सप्तव्यसनांचा त्याग सांगणाऱ्या समाजाने ती पिकवली, आणि घरात मात्र कुणी तोंडात घालू नये म्हणून आजीने डोळ्यांत तेल घालून पहारा केला. तंबाखूचं बरंचसं काम बायकांच्या हातचं. शेंडा खुडायचा, बगलफुटी काढायच्या. पानाचा चिकट डिंक बोटांवर काळा बसतो, तो साबणाने जात नाही. त्या हाताने पाणी प्यायलं तरी कडू लागतं. वखारीत तर पानाचा धुरळा नाकातोंडात. शेंगा फोडणं, मिरचीचे देठ काढणं, हेही बायकांचंच. आणि पट्टीवर नाव? मालकाचं. मालकीण गाडीत बसून पेठेत आली तर बांगड्या आणि मुलांना खाऊ घेऊन जायची. अडत्याच्या पायरीवर तिला कुणी बोलावलं नाही. निपाणीच्या वखारीतल्या बायांनी संघटना बांधून पगारासाठी भांडण मांडलं आणि त्यांच्यावर युगांतर नावाच्या गटाने 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला, म्हणून त्या बायांचे चेहरे तरी आपल्याला बघता येतात. शेजारच्या पेठांमधल्या बायांचे तेवढेही राहिले नाहीत.

महाराजांना बायकांचा विचार नव्हता असं कुणी म्हणू नये. पेठ वसली त्याच सुमाराला, १९१७ मध्ये, त्यांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. त्याच वर्षी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९१९ मध्ये बाईला छळणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. शंभर वर्षांपूर्वी हे सगळं एका संस्थानात झालं, आजही वाचताना नवल वाटतं. पण पेठ ही कायद्याने चालत नाही, खातेवहीने चालते. आणि खातेवहीत बाईचं पान नव्हतं.

रेल्वेने बायकांना दिलं ते वेगळंच. तीर्थयात्रा दिली. बाहुबलीच्या डोंगराला जायला हातकणंगलेला उतरायचं. समंतभद्र महाराजांनी तिथे आश्रम काढला आणि १९६३ मध्ये २८ फुटी बाहुबलीची मूर्ती उभी राहिली, तेव्हापासून तर घरोघरच्या बायका शिदोरी बांधून निघायच्या. त्याहून मोठी यात्रा श्रवणबेळगोळची. मिरजेहून हुबळी, बिरूर करत अर्सिकेरीपर्यंत सगळी मीटर गेजची लाइन. बारा वर्षांनी मस्तकाभिषेक यायचा तेव्हा ज्या बायांनी उंबऱ्याबाहेर जायला सासूची परवानगी मागितली असेल त्या दोन दिवसांचा प्रवास करून म्हैसूरच्या राज्यात जाऊन यायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि गाडी तर मावळतीलाच सुटायची. मग फलाटावरच डबे उघडायचे.

१९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात. रूळ तेवढे पूर्वीसारखेच राहिले. शेडबाळ, उगार, कुडचीची माणसं मिरजेला बदलून कोल्हापूरच्या गाडीत बसतच राहिली. सत्तरीच्या सुमाराला अरुंद रूळ उखडून रुंद रूळ आले, गाड्या मोठ्या झाल्या. आणि गंमत अशी की गाडी मोठी झाली तोवर तिच्यात भरायचा मालच संपत आला होता.

कारण ऊस आला. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनीच सुरू केलं होतं, ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडून पुढची वर्षं जावी लागली. मग नदीवर पंप बसले, पाणी पुरवणाऱ्या सोसायट्या झाल्या, माळापर्यंत पाणी चढलं. पाठोपाठ सहकारी साखर कारखाने. तंबाखू हटली, शेंगा हटल्या, शाळू घरापुरता राहिला. ऊस रेल्वेने जात नाही. तो तोडल्यापासून जितका लवकर गाळला जाईल तितकं बरं, म्हणून बैलगाडीने, ट्रॅक्टरने, पंधरा-वीस किलोमीटरच्या आतल्या कारखान्यात. ज्या रेल्वेसाठी हे शहर वसलं, तिच्याकडे पाठ करणारं पीक त्या शहराभोवती उभं राहिलं. जास्त पाण्याने मळीच्या जमिनीवर मीठ फुटलं, कितीतरी एकर क्षारपड झाले. आता जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून पाणी काढायचं काम शिरोळ तालुक्यात होतंय आणि ते बघायला लांबून माणसं येतात. पाणी चढवायलाही पाइप आणि उतरवायलाही पाइप.

माल रेल्वेने जाईना, तरी भाव ठरवायला माणसं जयसिंगपुरातच जमतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. गेली वीसेक वर्षं दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडाला तिथल्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी, तेही शिरोळचेच, आपल्याच समाजातले, उसाला पहिली उचल किती हवी ते व्यासपीठावरून माइकवर सांगतात आणि त्यावर कोयता थांबतो किंवा चालतो. जिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचा, तिथे हजारो माणसांसमोर तो उघड्यावर मागितला जातो. मागितला तेवढा मिळतोच असं नाही. पण पहिला आकडा आता शेतकरी बोलतो. या मैदानात बायका अलीकडे दिसतात, एका बाजूला बसलेल्या. व्यासपीठावर क्वचित.

बायका व्यासपीठावर का नाहीत याचं उत्तर मैदानात मिळत नाही, तलाठ्याच्या कपाटात मिळतं. उसाचं बिल ज्याच्या नावावर नोंद त्याच्या खात्यात जातं, आणि नोंद ज्याच्या नावावर सातबारा त्याची. शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून मोहीम काढली होती, नवऱ्याने थोडी जमीन बायकोच्या नावावर करावी अशी. काहींनी केली, नाही असं नाही. १९५६ च्या वारसा कायद्यात आपण जैनही येतो. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने, २००५ मध्ये साऱ्या देशाने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा दिला. कागदावर सगळं आहे.

आणि नेमका याच वर्षांत त्या ओसाड माळाला सोन्याचा भाव आला. शहर पहिल्या आखणीबाहेर पसरलं, कॉलेजं झाली, शेजारी औद्योगिक वसाहती झाल्या, शेताचे प्लॉट पडले. प्लॉट विकायचा म्हटलं की खरेदी घेणारा विचारतो, बहिणी किती? मग चाळीस वर्षांपूर्वी दिलेल्या लेकींना निरोप जातात. माहेरी बोलावणं येतं, आमरस होतो, साडी-चोळी होते आणि जेवणं झाली की हक्कसोड पत्र पुढे येतं. "सही कर, तुला काय कमी आहे?" कमी नसतंच. सही होते. नाही केली तर माहेरचं दार बंद, आणि भाऊबीज कुठे न्यायची? आपल्या धर्मात पाचवं व्रत अपरिग्रहाचं आहे, गरजेपेक्षा जास्त जवळ ठेवू नये. वाटणीच्या वेळी बघावं तर परिग्रह सगळा भावाच्या वाट्याला आणि अपरिग्रह तेवढा बहिणीच्या. मुनी महाराजांच्या प्रवचनात पुढच्या रांगेत बसणाऱ्या बायांना मला विचारावंसं वाटतं, हे व्रत तुम्ही स्वतः घेतलंत की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तुमच्याकडून घेतलं गेलं?

मैत्रिणींनो, सही करणारीला मी नावं ठेवत नाही. कित्येकींनी विचार करून, भावाची ओढाताण बघून केली आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचावं, आणि 'स्वखुशीने' हा शब्द आला की क्षणभर थांबावं.

उरली नदी. ज्या पाण्याकाठी जुनी गावं बसली तेच पाणी २००५ मध्ये घरात आलं, २०१९ मध्ये त्याहून जास्त आलं, २०२१ मध्ये परत आलं. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं ऑगस्टच्या त्या आठवड्यात बेटं झाली. कोल्हापूरची गाडी बंद पडली, रस्ते पाण्याखाली गेले. लोक नावांतून, ट्रॅक्टरवरून, गळ्याएवढ्या पाण्यातून निघाले आणि माळाकडे चढले. शंभर वर्षांपूर्वी रेल्वेने पुराला भिऊन जो उंचवटा धरला होता तिथेच. शाळा, मंगल कार्यालयं भरून गेली. गल्ल्यांतल्या बायकांनी घराघरातून भाकऱ्या गोळा केल्या, आपल्या आणि परक्या असा हिशेब त्या दिवसांत कुणी केला नाही. नदीकाठची ती मंडळी, ज्यांची घरं या पेठेच्या कितीतरी शतकं आधीची, ती शिरोळ रोडवर अंथरूण टाकून झोपली.

पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. भिंती पडलेल्या, चूल वाहून गेलेली, अंगणात गुडघाभर गाळ. तलाठी उभ्या उभ्या कागद भरत होते. समोर जी असेल ती घरची बाई, पदराने तोंड पुसत, सगळं दाखवत होती. कुठली भिंत, किती भांडी, कितवी म्हैस. तेवढ्यात प्रश्न यायचा, "घर कुणाच्या नावावर?" बाई सासऱ्याचं नाव सांगायची. "ते आहेत?" "नाहीत. जाऊन अकरा वर्षं झाली." तलाठी ते नाव लिहून घ्यायचे आणि पुढच्या घराकडे जायचे.